तळ्याकाठची जिवाणू-प्लेट: तीन महिने वापरून लिहितोय

निकाल आधीच सांगतो, कारण असं काही वाचायला घेतलं की मीही आधी शेवट बघतो. गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचं तळं असेल तर पाण्यातले जिवाणू तपासायच्या प्लेट्सच्या या डब्याच्या एकट्या भरवशावर राहू नका. हॅचरी, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करायची जागा, असेल तर मात्र बिनधास्त घ्या. पाचपैकी अडीच तारे. हे अर्धं कुठून आलं आणि उरलेले अडीच कुठे गेले, ते आता सांगतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा प्लेट्स बरेच जण बनवतात आणि आतला मसाला सगळ्यांचा सारखाच असतो. माझी तक्रार मसाल्यावर नाहीच. बरोबर जे कागद येतात आणि फोनवर जो सल्ला मिळतो त्यावर आहे.

थोडं स्वतःबद्दल, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. माझी दोन तळी आहेत. त्याआधी मी फोटो स्टुडिओ चालवायचो, आणि त्यातली निम्मी वर्षं अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली गेली. कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना बघायची सवय असलेल्या माणसाला रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर सकाळी ठिपके उमटलेले बघणं म्हणजे जुनी मैत्रीण भेटल्यासारखं. खरं सांगायचं तर डबा घ्यायचं निम्मं कारण तेच होतं.

डबा उघडला की चोवीस तयार प्लेट्स निघतात, दोन-दोनच्या पाकिटात, उलट्या ठेवलेल्या. त्या उलट्याच असायला हव्यात. सरळ ठेवल्या तर झाकणावर जमलेलं बाष्प खाली टपकतं आणि ठिपके एकमेकांत वाहून जातात. बरोबर निर्जंतुक ड्रॉपर, पाणी पसरायच्या वाकड्या काड्या, कापसाचे बोळे लावलेल्या काड्या, खारं पाणी भरलेल्या छोट्या बाटल्या, हातमोजे आणि रंगांचं एक गुळगुळीत कार्ड. माझ्या डब्यातल्या तीन प्लेट्स कडेने सुकून तडकल्या होत्या. फोटो पाठवले, बदलून मिळाल्या. त्याबद्दल तक्रार नाही.

प्लेटमधला थर गडद हिरवा असतो. त्याला टीसीबीएस म्हणतात. खाऱ्या पाण्यात व्हनामी कोळंबी करणारे लोक ही प्लेट रोजच्या कामासारखी वापरतात. १९६३ मध्ये जपानी संशोधकांनी ती आजच्या रूपात आणली, ती कॉलरा आणि त्याच्या भाऊबंदांसाठी, म्हणजे व्हिब्रिओ गटातले जिवाणू इतर हजारो जिवाणूंच्या गर्दीतून वेगळे काढण्यासाठी. युक्ती सरळ आहे. थरात पित्तक्षार असतात आणि सामू ८.६ च्या आसपास ठेवलेला असतो. बहुतेक जिवाणूंना हे दोन्ही सोसत नाही, व्हिब्रिओला सोसतं. शिवाय थोडी साखर आणि रंग बदलणारं एक रसायन. ज्या जिवाणूला ती साखर पचते तो आम्ल सोडतो आणि त्याचा ठिपका पिवळा होतो. ज्याला पचत नाही त्याचा ठिपका हिरवाच राहतो. प्लेट सांगते ती एवढीच गोष्ट. पुढे जे घडलं ते समजायला हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी पत्रकात लिहिल्याप्रमाणे तळाजवळचं पाणी बाटलीत घेतलं, ड्रॉपरने ०.१ मिली प्लेटवर टाकलं, काडीने गोल गोल फिरवून पसरवलं, पाणी जिरेपर्यंत थांबलो, उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर ठिपके नव्हते, सतरंजी होती. पिवळी, सलग, मोजायला काही जागाच नाही. धाकट्या भावाने बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे तर पिठलं सांडल्यासारखं दिसतंय."

पाणी पातळ करून घ्यायला हवं होतं, हे पत्रकात कुठेच नाही. तुमचा वेळ वाचावा म्हणून लिहितो. बरोबर आलेल्या खाऱ्या पाण्याच्या बाटलीत ९ मिली ठेवा, त्यात तळ्याचं १ मिली टाका, हलवा. हे झालं दहा पट पातळ. त्यातलं ०.१ मिली प्लेटवर. समजा ४३ ठिपके आले. ०.१ मिलीत ४३ म्हणजे १ मिलीत ४३०, आणि दहा पट पातळ केलं होतं म्हणून ४३००. तळ्याच्या एका मिलीत एवढे. एका प्लेटवर तीसपेक्षा कमी किंवा तीनशेपेक्षा जास्त ठिपके आले तर त्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. कमी असतील तर नशिबाचा भाग मोठा, जास्त असतील तर ते एकमेकांना वाढू देत नाहीत. पाणी फार घाण असेल तर पुन्हा दहा पट पातळ करायचं. एवढ्या चार ओळी पत्रकात छापायला काय हरकत होती?

दुसरी अडचण उबेची. प्लेट उबदार जागी चोवीस तास राहायला हवी. मी पहिल्या काही पंपाच्या खोलीत ठेवल्या. दोन रात्री गारठ्याच्या निघाल्या आणि प्लेट कोरी. मी खूश. तिसऱ्या रात्री त्याच तळ्याचं पाणी, पण प्लेट थर्माकोलच्या डब्यात, आत एक छोटा बल्ब, थर्मामीटर ३२ अंश. सकाळी शंभरावर ठिपके. म्हणजे आधीच्या दोन कोऱ्या प्लेट्स तळ्याबद्दल काही सांगत नव्हत्या, रात्रीच्या थंडीबद्दल सांगत होत्या. तेव्हापासून बल्बचा डबा पक्का. आणि एक न उघडलेली प्लेट प्रत्येक वेळी शेजारी ठेवतो. तिच्यावर काही उगवलं तर ती खेप बाद.

न वापरलेल्या प्लेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. त्या मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि इथे बायकोने जे ऐकवलं ते छापता येणार नाही. तिचंच बरोबर होतं. कोऱ्या प्लेटमध्ये काही नसतं, हे मी तिला समजावत राहिलो. पण एका सकाळी मीच झोपेत वापरलेली प्लेट कोऱ्यांच्या गठ्ठ्यात सरकवली. या प्लेटवर कॉलऱ्याच्या कुळातलं काहीही वाढू शकतं, ती त्यासाठीच बनवली आहे. त्या दिवशी तळ्यावर जुना छोटा फ्रिज नेला. वापरलेल्या प्लेट्स झाकणासकट ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवून मगच टाकतो. पत्रकात 'योग्य विल्हेवाट लावा' एवढंच लिहिलंय. योग्य म्हणजे काय ते वाचणाऱ्याने ओळखायचं.

आता खरी परीक्षा. पहिला प्रसंग काळ्या डागांचा.

पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून दर आठवड्याला नमुना बघतो. एका खेपेला बावीसपैकी पाच कोळंब्यांवर डाग होते. शेपटीच्या कवचावर, एकीच्या डोक्याच्या कडेला. तपकिरीपासून काळ्यापर्यंत, कडा स्पष्ट, मधोमध कवच खाल्ल्यासारखं खोलगट. नखाने हलकंच टोकरलं तर मधला भाग ठिसूळ, भुसभुशीत. कायटीन हा कवचाचा एक मुख्य घटक असतो आणि कायटीन पचवणारे जिवाणू तळ्यात कायम असतातच. व्हिब्रिओ, एरोमोनास, स्युडोमोनास, अशी मंडळी. धडधाकट कवचातून त्यांना सहजी आत शिरता येत नाही. ओरखडा पडला की वाट मिळते. ओरखडे पडतात एकमेकींच्या नांग्यांनी, जाळ्याच्या गाठींनी, आणि आमच्या हातांनीही.

बोळ्याने डाग पुसून प्लेटवर घासलं. दुसऱ्या दिवशी भरपूर पिवळे ठिपके. बरं मग? डाग नसलेल्या कोळंबीच्या कवचावरचा बोळा घासला तरी तेच पिवळे, थोडे कमी. म्हणजे प्लेटने मला माहीत असलेलंच सांगितलं. तळ्यात जिवाणू आहेत. असणारच.

उपाय मग जाळ्यातूनच सुचला. डागवाल्या पाचांपैकी तीन मोठे निळ्या नांग्यांचे नर होते, एक अंडीवाली मादी. हे उगाच नाही. कोळंबी कात टाकते तेव्हा वरवरचा डाग जुन्या कवचाबरोबर निघून जातो. पण निळ्या नांग्यांचा पूर्ण वाढलेला नर फार क्वचित कात टाकतो, आणि पोटाखाली अंडी असेपर्यंत मादी टाकतच नाही. म्हणून डाग यांच्यावरच साठतात. शिवाय बाकीच्यांना ओरबाडणारे हेच दांडगे नर. तेच वेचून काढले आणि विकले. खाद्य चौथाईने कमी केलं, कारण किती खाल्लं ते बघायला ठेवतो त्या चेक ट्रेमध्ये रोज उरत होतं आणि ते तळाशी सडत होतं. तळाजवळचं काळं पाणी काढून ताजं भरलं. पागेच्या गाठी बदलल्या. तीन आठवड्यांनी तीसमध्ये एक डागवाली. एकच काळजी घ्या. डाग खोल जाऊन खालच्या मांसाला चिकटला असेल तर कात नीट निघत नाही, अडकते आणि कोळंबी तशीच मरते. अशा एक-दोन गेल्या.

यात प्लेटने काय केलं? काही नाही. पण बिघडवलंही काही नाही. या टप्प्यावर मी तिला साडेतीन तारे दिले असते.

मग उकाडा आला. दुसऱ्या तळ्याचं पाणी शेवाळाने दाट हिरवं झालं होतं. पांढरी चकती बुडवली तर पंधरा सेंटीमीटरवर दिसेनाशी. दुपारी सामू ९ च्या वर, पाणी ३३ अंश. अमोनियाची पट्टी तेव्हा फारशी वाईट दिसत नव्हती. पण पट्टी दाखवते तो एकूण अमोनिया. त्यातला खरा विषारी भाग सामूवर ठरतो. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्काही विषारी रूपात नसतो, सामू ९ असेल तर जवळजवळ ४५ टक्के. तोच अमोनिया, तीच पट्टी, तोच रंग. मला हे तेव्हा माहीत होतं, अंगवळणी नव्हतं. त्यात दोन ढगाळ दिवस आले आणि शेवाळ एका रात्रीत मरून तळाशी बसलं. पाणी चहासारखं.

पुढच्या सकाळी कडेला सात मेलेल्या. काही जिवंत, पण सुस्त. हात जवळ नेला तरी मागे उडी नाही. उचलून उजेडात धरली. निरोगी कोळंबीची शेपटी काचेसारखी असते, आतली आतड्याची रेघ दिसते. हिची शेवटची दोन-तीन कडी दुधाळ, उकडल्यासारखी. रेघ गायब.

लगेच प्लेट लावली. पाण्याची एक, शेपटीच्या मांसाची एक. बल्बचा डबा, ३२ अंश, सगळं शिस्तीत. दुसऱ्या सकाळी मेलेल्या एकोणीस. पाण्याच्या प्लेटवर नेहमीसारखे थोडे पिवळे. मांसाच्या प्लेटवर काही नाही. कोरी, हिरवी, स्वच्छ.

कार्डावर कोऱ्या प्लेटच्या चित्राखाली ठळक अक्षरात छापलंय, 'सुरक्षित'. पिवळ्याखाली 'ठीक', हिरव्याखाली 'धोका'. त्या एका शब्दावर मी विश्वास ठेवला. म्हटलं, जिवाणू नाही, उन्हाचा ताण असेल. ऑक्सिजन वाढवला, पुन्हा प्लेट लावली. ती वाचायला आणखी एक दिवस. तिसऱ्या सकाळी मेलेल्या चाळीसच्या वर आणि प्लेटवर दोन पिवळे ठिपके.

डब्यावरच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलणारा. "साहेब, प्लेट कोरी आहे ना? मग आजार नाही. आमचं प्रोबायोटिक टाका, चार दिवसांत फरक पडेल." मी विचारलं, मांस पांढरं का पडतंय? "ताणामुळे साहेब." ही प्लेट कुठले जिवाणू दाखवत नाही, असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग, "साहेब, सगळे दाखवते." साडेतीनातला एक तारा त्या तीन शब्दांत गेला.

दुपारी रोगनिदान प्रयोगशाळा गाठली. बरोबर मेलेल्या पिशवीभर आणि सहा जिवंत पण मलूल. तिथल्या बाईंनी मेलेल्यांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. "मेलेली दोन तासांत सगळ्या जगाचे जिवाणू गोळा करते. जिवंत आणलीत हे बरं केलंत." मी कौतुकाने प्लेटचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल परत केला. "पिवळं-हिरवं राहू द्या आता."

त्यांनी बारीक सुईने रक्त काढलं. कोळंबीचं रक्त लाल नसतं, जवळजवळ पाण्यासारखं, किंचित निळसर. एक थेंब काचेवर पसरवून वाळवला, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, मग गुलाबी रंग. हे रसायनात बुडवणं, धुणं, पुन्हा बुडवणं बघून मला स्टुडिओत उभं असल्यासारखं वाटलं. "या, बघा," म्हणाल्या. सूक्ष्मदर्शकात जांभळे मणी. बारीक, गोल, दोन-दोनच्या जोडीने, कुठे चार-पाचची माळ. व्हिब्रिओ असता तर गुलाबी दिसला असता, आणि वाकड्या काडीसारखा.

हा होता लॅक्टोकॉकस. पुढे त्यांनी पोषक प्लेटवर वाढवून आणि जनुकीय तपासणी करून नाव पक्कं केलं, लॅक्टोकॉकस गार्व्हिए. जंबो कोळंबीला याची लागण होते हे तैवानमध्ये पाहिलं गेलं आणि २००१ मध्ये तिथल्या संशोधकांनी जनुकीय तपासणीने सिद्धही केलं. माशांना, विशेषतः ट्राउटला, तो आधीपासूनच छळतो. गरम पाणी, अमोनिया आणि नायट्राइट वाढलं की कोळंबी त्याला लवकर बळी पडते. माझ्या तळ्यात पहिल्या दोन गोष्टी तर मी स्वतः मोजलेल्या होत्या.

आणि प्लेट कोरी का? कारण ती कोरी राहावी अशीच बनवली आहे. पित्तक्षार नेमके याच गटातल्या, जांभळा रंग धरणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. माझ्या कोळंबीचं मांस लॅक्टोकॉकसने भरलं होतं आणि प्लेट त्याला दारातच अडवत होती. कार्डावर 'कोरी' याचा अर्थ 'व्हिब्रिओ सापडला नाही' असा छापला असता तर माझे दोन दिवस वाचले असते.

गोड्या पाण्यात आणखी एक गोम आहे. इथला नेहमीचा उपद्रवी एरोमोनास. तो या प्लेटवर कधी पिवळा दिसतो, कधी वाढतच नाही. त्याच्यासाठी वेगळी प्लेट लागते. बाईंकडे अँपिसिलिन घातलेली स्टार्चची प्लेट होती. एरोमोनास अँपिसिलिनला सहसा दाद देत नाही आणि स्टार्च पचवतो. वर आयोडीन ओतलं की सगळी प्लेट काळी-निळी होते आणि त्याच्या ठिपक्याभोवती स्वच्छ वलय राहतं. बघायला मजा येते. असा डबा कोणी काढला तर मी पहिला गिऱ्हाईक.

मांस पांढरं दिसलं की जिवाणूच, असंही नाही. हे बाईंनी दोनदा बजावलं. नुसत्या ताणानेही, म्हणजे ऑक्सिजन घटला, एकदम गरम पाण्यात पडली, तरी मांस पांढरं पडतं, आणि ताण लवकर हटला तर काही सावरतातही. दुसरा एक पांढऱ्या शेपटीचा रोग विषाणूचा. तो पिल्लांचा कर्दनकाळ. मोठ्या कोळंब्या सहसा त्याने मरत नाहीत, पण वाहक राहतात आणि पुढच्या पिढीला देतात. तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. माझ्या नमुन्यात विषाणू निघाला नाही. पुढच्या वेळी पोहायचे पाय कापून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आणा, म्हणाल्या, दहा पट अल्कोहोल, म्हणजे ती तपासणी त्याच दिवशी सुरू करता येते. आता तळ्यावर ती बाटली भरून ठेवली आहे.

कुठलं औषध लागू पडेल त्याची चाचणीही त्यांनी केली, औषधाच्या चकत्यांभोवती वलय मोजून. कागद दिला आणि म्हणाल्या, घालू नका. आजारी कोळंबी खात नाही, म्हणजे खाद्यात मिसळलेलं औषध निरोगीच खाणार, आणि काढणी तोंडावर. अवशेष मांसात राहिले तर माल परत येतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर अनेक देशांत अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंदीच आहे. दुसरं तळं लवकर काढलं. पांढरी पडलेली एकही विकली नाही, चुन्यात पुरली. तळ भेगा पडेपर्यंत सुकवला. पहिल्या तळ्यात वेगळी पाग, वेगळी बादली, वेगळे गमबूट. ते वाचलं.

मग अडीच तारे तरी कशाला? कारण प्लेट खोटी नाही. तिला भलताच प्रश्न विचारला गेला. नेमका प्रश्न विचारणारा माणूस आमचा हॅचरीवाला. जंबो कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे निमखारं पाणी लागतं, क्षारता हजारी बाराच्या आसपास. मलेशियात शाओ-वेन लिंग यांना साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे उमगलं, त्याआधी लोक गोड्या पाण्यात पिल्लं जगवायचा प्रयत्न करून थकले होते. त्या बारा क्षारतेच्या उबदार पाण्यात, भरपूर खाद्यात, व्हिब्रिओची चंगळ असते. पिल्लं रात्री अंधारात हिरवट चमकायला लागली की हॅचरीवाल्याच्या पोटात गोळा येतो. तो चमकणारा व्हिब्रिओ टाकी बघता बघता रिकामी करू शकतो. तिथे ही प्लेट रोज लावावी. टाकीच्या पाण्याची, आणि त्याहून महत्त्वाची पिल्लांना खायला देतात त्या आर्टेमियाची. अनेकदा व्हिब्रिओ तिथूनच आत येतो.

रंगाचं कार्ड मात्र हॅचरीवाल्यांनीही फाडून टाकावं. पिवळा बरा, हिरवा वाईट, हे सरसकट चालत नाही. रंग फक्त साखर पचली की नाही ते सांगतो. कॉलऱ्याचा जिवाणू पिवळा असतो, हे एवढं पुरे. चमकणारा तर दोन्ही रंगांत येतो. शिवाय कार्डावरचा पिवळा छपाईत गेरूकडे झुकलाय, आणि दोन महिने खिडकीशी राहून आणखी. रंग छापण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला असल्या कार्डाशी ताडून बघायला सांगणं म्हणजे सुताराला रबराची फूटपट्टी देण्यासारखं.

सध्या तळ्यावर काय वापरतो? थर्मामीटर, सामू आणि अमोनियाच्या पट्ट्या, पांढरी चकती, पाग, आणि पहाटे तीनला एक बॅटरी. कडेला येऊन थांबलेल्या कोळंब्या बॅटरीच्या उजेडात डोळे चमकवतात, त्या मोजायच्या. मलूल दिसली की शेपटी उजेडात धरायची. पाच मिनिटांचं काम, उत्तर तिथल्या तिथे. मेलेल्या दिसायच्या आधी काही दिवस हे सुरू केलं असतं तर, असा विचार येतो, पण तो या परीक्षणाचा विषय नाही.

कंपनीला लिहिलं. कार्डावरचा 'सुरक्षित' शब्द काढा, पाणी पातळ करायची चार वाक्यं घाला, गोड्या पाण्यासाठी नाही असं डब्यावर छापा. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' सोबत प्रोबायोटिकवर सवलतीचं कूपन.

सहा प्लेट्स उरल्या होत्या, मुदत संपत आली होती. हॅचरीवाल्याला नेऊन दिल्या, बल्बचा डबा कसा करायचा तेही दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो पाठवला. आर्टेमियाच्या टाकीचं पाणी, दहा पट पातळ केलेलं, प्लेटवर कडेपासून कडेपर्यंत हिरवे ठिपके. खाली लिहिलं होतं, "अजून आहेत का?"